नातीबरोबर विजापूर

चौथीतल्या नातीने शाळेतून येऊन दप्तर खाली न ठेवताच विचारले, "नाना, अफझलखान आपला कोण लागतो?" वर्गात कुणीतरी तिला 'तुमचा अफझलखान' म्हणाले होते. मी हसण्यावारी नेले, पण रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. सोलापुरात तीस वर्षे मी मराठी शाळेत शिकवले. प्रतापगडाचा धडा आला की भरभर वाचून पुढे सरकायचो. वर्गातली चार-दोन मुसलमान पोरे त्या तासाला माना खाली घालून बसत. मला ते दिसत असे. मी कधी थांबलो नाही.

दिवाळीच्या सुट्टीत लेकीला आणि नातीला घेऊन विजापूरची गाडी धरली. 2014 पासून पाटीवर विजयपुरा आहे, आमच्या तोंडी विजापूरच. अंतर शंभरेक किलोमीटर. पण सत्तरीला आलो तरी मी ते शहर नीट पाहिले नव्हते.

सकाळी गोलघुमट. 1656 साली वारलेल्या मुहंमद आदिलशहाची ही कबर. बाहेरून 44 मीटर व्यासाचा घुमट, आणि आत एकही खांब नाही. कोपऱ्यातल्या मनोऱ्याच्या अरुंद पायऱ्या चढताना माझा दम निघाला. वरच्या सज्जात भिंतीशी तोंड नेऊन हळू बोलले तरी पलीकडच्या भिंतीशी ऐकू येते. नात आईचा हात धरून समोरच्या बाजूला गेली. मी कान लावला. "नाना, सांगा ना, तो आपला होता का?" शब्द न् शब्द आला. तेवढ्यात सहलीच्या पोरांनी एकच गलका केला. ती धावत आली, "ऐकू आलं?" मी म्हणालो, "नाही गं." खोटे बोललो.

खाली नगारखान्यात संग्रहालय आहे. अरबी, फारसी, कन्नड शिलालेख, जुन्या मूर्ती, चिनी मातीची भांडी, गालिचे, तलवारी. नात तलवारींपुढे रेंगाळली. मी तिला अक्षरांपुढे नेले. सांगितले, पहिल्या इब्राहिम आदिलशहाने महसुलाच्या हिशेबातून फारसी बाजूला केली, तेव्हा इथले कारकून मराठीत लिहू लागले. "म्हणजे बादशहाच्या कचेरीत मराठी?" तिचे डोळे मोठे झाले. मास्तरकीत हे मी एकदाही सांगितले नव्हते.

जामा मशिदीत जोहर पढून एका खानावळीत बसलो. ज्वारीची कडक भाकरी, भरली वांगी, शेंगाची चटणी, वर दही. चटणी थेट सोलापूरची. वाढणारा पोरगा शेजारच्या टेबलाशी कन्नड, आमच्याशी दखनी बोलत होता. त्याने आणखी भाकरी पुढे केली तशी नात पटकन म्हणाली, "नक्को, भय्या, पेट भर गया." तो हसला. घरी तिची नानी असेच बोलते. मी विचारले, "हा 'नक्को' कुठून आला, माहीत आहे? मराठीतल्या 'नको'मधून." ती भाकरीचा तुकडा हातात धरून विचारात पडली.

दुपारी इब्राहिम रौजा. दुसऱ्या इब्राहिमाची कबर. दगडाच्या जाळ्यांत आयतींची अक्षरे कोरलेली. याच बादशहाने दखनीत 'किताब-ए-नौरस' रचली आणि तिच्यात सरस्वतीला वंदन केले. त्याला लोक जगद्गुरू म्हणत.

मग मलिक-ए-मैदान तोफ. 1549 साली निजामशाहीत, अहमदनगरात ओतली. पुढे आदिलशाहीकडे आली. 1686 साली औरंगजेबाने विजापूर जिंकले आणि तोफेवर आपल्या विजयाचा लेखही कोरवून घेतला. नातीने विचारले, "तिघंही मुसलमान होते ना? मग भांडले कशाला?"

उत्तर तिनेच दिले होते. परतीच्या गाडीत मी म्हणालो, "बेटा, सकाळी मला ऐकू आलं होतं." ती काही बोलली नाही. मी सांगितले, "अफझलखान आदिलशाहीचा सरदार. शहाजीराजेही 1636 पासून त्याच दरबारात होते. खानाच्या फौजेत मराठे सरदार होते, महाराजांच्या चाकरीत मुसलमान होते. ती राज्याची लढाई होती. खान तुझा कुणी नाही. शिवाजीराजे मात्र या मातीतले, तुझेही आहेत. आणि आज जे जेवलीस, जे बोललीस, तेही तुझं. ते कुणी काढून घेऊ शकत नाही."

"मग हे तुम्ही वर्गात का नाही सांगितलं?"

"भ्यालो होतो."

तिने माझ्या खांद्यावर डोके टेकले. थोड्या वेळाने म्हणाली, "मी सांगीन. आधी 'नक्को'चं सांगीन. मग बाकीचं."

गाडीने भीमा ओलांडली तेव्हा ती झोपी गेली होती. मला ती चार-दोन पोरे आठवत होती. आता ती बापे झाली असतील. त्यांच्या पोरांनाही कुणीतरी हा प्रश्न विचारला असेल.