बैलाच्या पोटाखालचा हात

"दार कुठाय गं घराला?"

हा प्रश्न मी विचारायला नको होता. कला-उपचाराचं काम मी नुकतंच सुरू केलं होतं. पुण्याजवळच्या एका बालगृहात दर शनिवारी दुपारी जायचे. तिथे सगळे त्याला 'ताईंचा चित्रांचा तास' म्हणायचे. आठ वर्षांच्या एका मुलीनं घर काढलं होतं. जाड भिंती, एकेक कौल मन लावून रंगवलेलं, पण ना खिडकी, ना दार. मी सहज विचारून गेले. तिनं माझ्याकडे पाहिलं, तपकिरी खडू उचलला आणि कडीकोयंड्यासकट दार काढून दिलं.

पुढच्या शनिवारी तिनं दोन डोंगर काढले. मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठावर नारळाचं झाड. शाळेत ज्याला हमखास शाबासकी मिळते ते चित्र. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. महिनाभर ती मला डोंगर आणि सूर्य देत राहिली. तिला बंद घर हवं होतं. मला ते बघवलं नाही, म्हणून तिनं माझ्यासाठी दार काढलं आणि त्याच दारातून ती निघून गेली.

त्या दिवसांत मी एडिथ क्रेमर यांचं लेखन पुन्हा वाचायला घेतलं. व्हिएन्नात जन्मलेल्या क्रेमर १९३८ साली न्यूयॉर्कला गेल्या आणि पुढे अनेक वर्षं त्यांनी मुलांबरोबर हेच काम केलं. त्यांच्या गुरू फ्रीडल डिकर-ब्रांडाइस यांनी नाझींच्या तेरेझीन वस्तीत कोंडलेल्या मुलांना चित्रकला शिकवली. प्रत्येक चित्रावर मुलानं आपलं नाव लिहावं, असा त्यांचा आग्रह असे. १९४४ मध्ये आउशवित्झला त्यांची हत्या झाली. दोन सुटकेसमध्ये जपून ठेवलेली सुमारे साडेचार हजार चित्रं मागे उरली. आज ती प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. अशा गुरूकडे शिकलेल्या क्रेमर यांनी उपचारकाच्या 'तिसऱ्या हाता'ची कल्पना मांडली. हा हात मुलाला त्याचं काम तडीला न्यायला मदत करतो, पण त्या कामाचा अर्थ बदलत नाही आणि आपली शैली त्यावर लादत नाही.

मला त्यातलं अर्धंच कळलं. हात आवरायचा, एवढंच मी लक्षात ठेवलं, आणि दुसरी चूक केली.

एक मुलगा काळा पोस्टर कलर कागदावर ओतत होता. एक थर, दुसरा थर, तिसरा. मध्ये पडायचं नाही, असं स्वतःला बजावत मी बसून राहिले. ओला झालेला कागद फाटला, रंग वाहत शेजारच्या मुलीच्या चित्रावर गेला आणि दोघंही रडायला लागली. काळा रंग त्याची गरज होती. पण त्याला पेलणारा कागद देणं माझं काम होतं. खाली एक ट्रे सरकवायला, जाड पुठ्ठा पुढे करायला मला दोन क्षण लागले असते. मी ज्याला संयम समजत होते, ते त्या मुलाला एकटं सोडणं होतं.

तेव्हापासून हात पुढे जायच्या आधी मी स्वतःला एक प्रश्न विचारते: इथे काय मोडतंय? साहित्य मोडत असेल, मूल मोडत असेल, तर मध्ये पडायचं. फक्त माझा धीर सुटत असेल, तर बसून राहायचं.

एका बाबतीत मात्र थांबणं नाही. नवीन मूल आलं की पहिल्याच दिवशी मी सांगते, "तुझं चित्र तुझंच. पण तुला कुणी त्रास देतंय असं कळलं, तर ते मी माझ्यापाशी ठेवणार नाही." एका चित्रावरून मी निष्कर्ष काढत नाही. लाल रंग म्हणजे राग, काळा म्हणजे दुःख, असलं कोष्टक माझ्याकडे नाही. पण मुलानं लैंगिक अत्याचाराबद्दल तोंड उघडलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. कायदा नसता तरी मी कळवलंच असतं.

पोळ्याच्या आठवड्यातला एक शनिवार. गणपती जवळ आल्यामुळे शाडू आणला होता. अकरा वर्षांचा एक मुलगा बैल करत होता. धड भरभक्कम, पाय काडीसारखे. बैल एकदा बसला, दोनदा बसला. मी गप्प होते, कारण दोन्ही वेळा त्यानं स्वतःच नवे पाय वळले होते. तिसऱ्यांदा बैल कोसळला तेव्हा त्याचा श्वास बदलला. मूठ वळली आणि धडाच्या वर आली.

"पोटाखाली हात धरू का?" मी विचारलं.

मूठ तशीच राहिली. मग त्यानं मान हलवली.

मी तळवा आडवा धरून धड उचललं. दुसऱ्या हातानं माझ्यापुढच्या गोळ्यावर ओरखडे काढले, पातळ शाडूचा लेप लावला आणि त्यावर मातीचा तुकडा बसवला. बोलले नाही. त्यानं ते पाहिलं. मग स्वतःच्या बैलाला ओरखडे काढले, लेप लावला आणि आधीच्या दुप्पट जाडीचे पाय बसवले. दहाएक मिनिटं गेली. माझं कोपर भरून आलं.

चौथा पाय बसवताना तो म्हणाला, "आमच्याकडं असाच होता. विकला."

कधी विकला, का विकला, तेव्हा घरी कोण कोण होतं, सगळे प्रश्न माझ्या जिभेवर आले. मी फक्त हं म्हटलं. त्यानं थोडी माती घेतली आणि बैलाला वेसण घातली.

"सोडा आता, ताई."

मी हात काढून घेतला. बैल उभा राहिला. त्याच्या पोटाखाली माझ्या तळव्याच्या रेषा उमटल्या होत्या. त्यानं वाकून पाहिलं, बोट पाण्यात बुडवलं आणि त्या पुसून टाकल्या.