खारपाणपट्ट्यातील मीठ

ख्रिस्ती प्रवचनांत मिठाचे गुण बहुधा दोनच सांगितले जातात, अन्नाला चव आणणे आणि ते नासू न देणे. परंतु मिठाचे तिसरे, उजाड करणारे रूप बायबललाही ठाऊक आहे आणि बुलढाणा जिल्ह्यातील शेतकऱ्यालाही. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा, म्हणजे भूजल खारे असलेला प्रदेश, अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला असून शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांतील अनेक गावे त्यात येतात. तेथे विहिरीला पाणी लागले तरी ते पिण्याजोगे असेलच असे नाही, आणि ते ओलिताला दिले तर त्यातील सोडियममुळे काळ्या मातीचे कण विस्कटतात, पाणी मुरेनासे होते व जमीन चोपण, म्हणजे कडक आणि निचरा नसलेली, बनते. देवाकडे पाठ फिरवणारा माणूस यिर्मया संदेष्ट्याने निर्जन खाऱ्या भूमीत वसवला आहे, तर शास्ते या ग्रंथातील अबीमलेख शखेम नगर उद्ध्वस्त करून त्यावर मीठ पेरतो; या पट्ट्यातील वाचकाला दोन्हींचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांना पृथ्वीचे मीठ म्हणतो, आणि लगेच बेचव झालेल्या मिठाचा इशाराही देतो. शुद्ध मिठाची चव जात नाही, हा आक्षेप जुनाच आहे. मात्र मृत समुद्राकाठचे मीठ इतर क्षारांत मिसळलेले असे व ओल लागून खरे मीठ विरघळून गेले की मागे पांढरा, निरुपयोगी चुरा उरे, असे अभ्यासक त्याचे स्पष्टीकरण देतात. उल्कापाताने बेसॉल्ट खडकात घडलेल्या, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाच्या विवरातील लोणार सरोवराच्या काठी असे दिसणे आणि असणे यांतील अंतर प्रत्यक्ष पाहता येते, कारण पाणी आटल्यावर तेथे जमणाऱ्या पांढऱ्या पापडीत सोडियम कार्बोनेटाचा, म्हणजे धुण्याच्या सोड्याचा, मोठा वाटा असतो. ती साबणाला चालेल, भाजीला नव्हे.

जुन्या करारात धान्यार्पणाला मीठ लावण्याची आज्ञा आहे, आणि गणना या ग्रंथात अढळ कराराला मिठाचा करार म्हटले आहे. खाल्ल्या मिठाला जागणाऱ्या माणसाला मान देणाऱ्या मराठी घरांत ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही.

या सर्वांत खारपाणपट्ट्याला सर्वाधिक भिडणारी कथा मात्र अलीशा संदेष्ट्याची आहे, आणि प्रवचनकार तिच्याकडे कमी वळतात हे नवल. यरीहोचे पाणी वाईट आणि जमीन नापीक असल्याची तक्रार ऐकून तो नव्या पात्रात मीठ मागवतो व ते झऱ्याच्या उगमात टाकतो. ज्याने खाऱ्या विहिरीचे पाणी पिकाला दिले आहे त्याला हा उपाय उफराटाच वाटेल; पण कथेचे बळ त्या उफराटेपणातच आहे, कारण पाणी बरे झाल्याचे श्रेय ती मिठाला देत नाही, देवाच्या शब्दाला देते. धर्माशी संबंध नसलेली, तरीही या कथेशेजारी ठेवावीशी वाटणारी एक घटना याच खोऱ्यातील आहे: 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात, समुद्र शेकडो किलोमीटर दूर असताना, अकोला जिल्ह्यातील दहीहंडा येथे खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ तयार करून लोकांनी कायदा मोडला.