आधी हाताला कळतं

फ्रेंच तत्त्वज्ञ मॉरिस मेर्लो-पाँती यांचं ‘फेनॉमेनॉलॉजी ऑफ परसेप्शन’ 1945 साली पॅरिसमध्ये निघालं. मला फ्रेंच येत नाही. कॉलिन स्मिथ यांचं 1962 चं इंग्रजी भाषांतर समोर ठेवते आणि अडलं की डोनाल्ड लँडेस यांचं 2012 चं उघडते. दोन्ही शेजारी असली तरी पानं अंगावर यायची ती येतातच.

शब्द जड आहेत, पण खरी गोम वेगळीच. ज्याचं म्हणणं खोडायचं, त्याचीच बाजू हा गृहस्थ आधी इतकी मन लावून मांडतो की हा वकील नेमका कुणाचा, कळेनासं होतं. आपण पानंच्या पानं मान डोलवत जावं आणि मग त्याचा ‘पण’ यावा. शरीराला यंत्र मानणारे एकीकडे, सारं काही बुद्धीच घडवते म्हणणारे दुसरीकडे. दोघांना पोटभर बोलू देऊन हा मधूनच निसटतो.

निसटून जातो कुठे, हे श्नायडर भेटला की उमगू लागतं. पहिल्या महायुद्धात मेंदूला इजा झालेला हा जर्मन सैनिक. मानसशास्त्रज्ञ गेल्ब आणि मेंदूविकारतज्ज्ञ गोल्डश्टाइन यांनी त्याला तपासलं होतं. डास चावला की त्याचा हात बरोबर तिथे जातो. डोळे मिटून ‘नाक धर’ म्हटलं तर धरतो, ‘नाक दाखव’ म्हटलं की अडतो. मग नाक कुठे आहे हे त्याला ठाऊक आहे की नाही? या प्रश्नापाशी मी पुस्तक मांडीवर ठेवून बराच वेळ बसले. आणि हो, डोळे मिटून बोट नाकाला लावूनही पाहिलं.

पुढे एक ऑर्गनवादक येतो. वाद्य अनोळखी, पट्ट्या कमीजास्त, स्टॉप, म्हणजे नाद बदलायच्या खुंट्या, भलत्याच जागी. तरी तासाभराच्या सरावात तो मैफलीला तयार! त्या तासात तो नकाशा पाठ करत नाही. बाकावर बसतो, पायपट्ट्या दाबतो, अंगानंच वाद्याचं माप घेतो. व्याख्यांची वही घेऊन या पुस्तकाला भिडणाऱ्यांची मला म्हणूनच काळजी वाटते. इथे उदाहरणांत मुरावं लागतं.

शेवटचं प्रकरण स्वातंत्र्यावर, सार्त्रशी वाद घालणारं. पण अखेरच्या ओळी सेंतेक्झ्युपेरीच्या, 1944 च्या जुलैत विमानासह बेपत्ता झालेल्या वैमानिक-लेखकाच्या. एवढं बोलून शेवटचा शब्द दुसऱ्याला देणं मला फार आवडलं. काळावरचं प्रकरण मात्र अजून दाद देत नाही.