गालिचा उलटा करून पाहा



गेल्या काही वर्षांत आमच्या पिरंगुट परिसराचा चेहरामोहरा बदलला. कारखाने आले, इमारती उभ्या राहिल्या. पत्र्याच्या खोलीतून आपली माणसे वन-रूम-किचनमध्ये आणि हप्ते फेडत फेडत वन-बीएचकेमध्ये राहायला गेली. ही आनंदाची गोष्ट आहे. घर झाले की हॉल सजवावासा वाटतो. फरशीवर काहीतरी अंथरावे, पाहुणा आला तर त्याला बरे वाटावे, असे घरातल्या बाईला वाटते आणि त्यात काहीही चूक नाही.

अलीकडे मात्र एक नवीन शब्द आपल्या घरात शिरला आहे, 'अँटिक'. बंगलेवाल्यांच्या घरातून निघालेले जुने गालिचे, पुण्याच्या जुन्या बाजारात मांडलेले गालिचे, "साहेब, शंभर वर्षांचा पीस आहे" असे सांगून विकले जातात. बोनसचे पैसे हातात असतात आणि मन भुलते. मी पडलो कारकून माणूस. मंडळाचा जमाखर्च लिहिणे आणि विहारासाठी सतरंज्या खरेदी करणे ही कामे माझ्याकडे असल्याने लोक विचारतात, "भाऊ, घ्यावा का?" म्हणून हे चार शब्द.

आधी शब्दाचा अर्थ पाहू. व्यापारात साधारणपणे शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला 'अँटिक' म्हणतात. आपल्या देशाच्या १९७२ च्या पुरावशेष कायद्यातही बहुतेक वस्तूंसाठी किमान शंभर वर्षांचीच अट आहे. त्याहून कमी वयाच्या, पण चांगल्या जुन्या मालाला 'व्हिंटेज' म्हणतात. त्याला कायद्याची व्याख्या नाही, विकणाऱ्याची जीभ हीच व्याख्या. तेव्हा शब्दाचे पैसे देऊ नका, वस्तूचे द्या.

वस्तू ओळखायची कशी? पहिले काम, गालिचा उलटा करा. समोरची बाजू सगळ्यांचीच देखणी असते. खरे काय ते पाठ सांगते. हाताने गाठी मारून विणलेल्या गालिच्याच्या पाठीवर नक्षी जवळजवळ समोरच्या इतकीच स्पष्ट दिसते आणि गाठी किंचित लहान-मोठ्या असतात. पाठ अगदी एकसारखी असेल तर तो यंत्रावरचा. पाठीला कापड चिकटवलेले असेल आणि आतून डिंकाची पावडर झडत असेल, तर तो गाठींचा नव्हेच. त्याला कोणी शंभर वर्षांचा म्हणाले तर हात जोडून पुढे चालावे.

दुसरे, झालर पाहा. हाताच्या विणीत झालर म्हणजे ताण्याचेच उरलेले धागे असतात. वेगळी शिवलेली झालर दिसली तर का शिवली ते विचारा. तिसरे, पांढरा रुमाल ओला करून रंगावर घासा. रुमालाला रंग लागला तर पहिल्याच पावसात तुमच्या फरशीलाही लागेल. चौथे, कोपरा हळूच दुमडा. कडकड असा आवाज आला तर आतला धागा कुजला आहे. पाचवे, उजेडापुढे धरा. कसरीने खाल्लेली भोके आणि ठिगळे दिसतील. शेवटी नाक लावा. कुबट वास एकदा बसला की सहजी जात नाही.

आता थोडा हिशेब करू. एका चौरस इंचात १०० गाठी म्हणजे मध्यम प्रतीची वीण. चार बाय सहा फुटांच्या गालिच्यात ३,४५६ चौरस इंच भरतात, म्हणजे ३,४५,६०० गाठी झाल्या. कुशल विणकर दिवसाला साधारण ६,००० गाठी मारतो असे धरले तर ५८ दिवस लागतात. रोज ५०० रुपये मजुरी धरली तरी २९,००० रुपये नुसत्या मजुरीचे झाले. लोकर, रंग, दुकानदाराचा नफा वेगळाच. मग कोणी नवाकोरा "हाताचा" गालिचा चार हजाराला देतो तेव्हा दोनच गोष्टी संभवतात. एक तर तो हाताचा नाही, नाहीतर ज्याचे हात लागले त्याला मजुरी मिळालेली नाही.

ही दुसरी शक्यता आपण कामगारांनी नजरेआड करू नये. भदोही-मिर्झापूरच्या मागांवर लहान मुले राबत होती. त्यांची कोवळी बोटे गाठी मारायला सोयीची, असे मालक सांगत. बालमजुरीचा कायदा १९८६ साली झाला. १९९४ साली 'रगमार्क' ही खूण सुरू झाली, जी आज 'गुडवीव्ह' म्हणून ओळखली जाते. नवीन गालिचा घेताना ती खूण आहे का, हे विचारायला लाजू नका.

जुना गालिचाही या हिशेबातून सुटत नाही. इंग्रजी राजवटीत गालिच्यांचे मोठे कारखाने कुठे होते? तुरुंगात! आपल्या येरवड्याच्या तुरुंगात गालिचे विणले जात. आग्र्याच्या कैद्यांनी राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त विणलेला गालिचा १८९४ साली विंडसरच्या राजवाड्यात पोहोचला. त्याचे वजन सुमारे दोन टन आहे. १९९२ साली राजवाड्याला आग लागली तेव्हा तो गुंडाळून वाचवायला सैनिक लावावे लागले. गालिचा वाचला; विणणाऱ्यांची नावे कोणाला ठाऊक आहेत? सक्तमजुरीच्या कैद्यालाही कामाचा न्याय्य मोबदला मिळाला पाहिजे, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले ते १९९८ साली.

धाग्याशी आपलाही जुना संबंध आहे. विदर्भात आपली माणसे जाडेभरडे कापड विणत होती. मुंबईच्या गिरण्यांत मात्र साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात, आपल्याला मज्जाव होता. का? धोट्यातली कांडी बदलताना दोरा तोंडाने ओढावा लागे आणि आपल्या तोंडाचा दोरा इतरांना चालत नसे. त्या खात्यात पगार चांगला होता, तोच नाकारला गेला. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठामपणे मांडला.

आणि बसण्याचे म्हणाल तर साताऱ्याच्या शाळेतले तरट कोण विसरेल? बाल भीमराव ते घरून नेत आणि संध्याकाळी परत आणत, कारण शाळेचा नोकर त्याला हात लावत नसे. ही आठवण बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आणि ती १९९० साली पुस्तिकारूपाने छापली गेली. कोणी कशावर बसायचे हा प्रश्न आपल्यासाठी कधीच नुसत्या सजावटीचा नव्हता. म्हणून माझे मत असे की, ज्या गालिच्यावर बसायला घरच्या पोराला किंवा गावाकडून आलेल्या म्हाताऱ्या आत्याला मनाई करावी लागेल, तो कितीही जुना आणि कितीही मोलाचा असला तरी आपल्या घरात आणू नये.

मग काय घ्यावे? आमच्या भागाचे सांगतो. मुळशीच्या पावसात लोकरीचा गालिचा चार महिने ओल धरतो, त्याला बुरशी आणि कसर लागते. इथे सुती सतरंजीच खरी. पंजाने ठोकून घट्ट विणलेली जुनी सतरंजी दोन्ही बाजूंनी वापरता येते, झटकता येते, धुऊन उन्हात टाकता येते. धारवाड जिल्ह्यातील नवलगुंदला मुस्लिम भगिनी पिढ्यान्‌पिढ्या अशा सतरंज्या विणत आल्या आहेत. त्या विणीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पण आता विणणारे हात थोडेच उरले. जुनी नवलगुंदी सतरंजी वाजवी भावात मिळाली तर जरूर घ्या. हॉलचे माप आधी फुटात लिहून न्या, पावती मागा आणि "उद्या येतो" म्हणून एक दिवस परत फिरा. घाई विकणाऱ्याला असते, आपल्याला नसावी.

ज्यांना लोकरीचाच गालिचा हवा असेल त्यांनी जूनपूर्वी तो कडक उन्हात वाळवावा, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून गुंडाळावा आणि जमिनीपासून उंच ठेवावा.

आणि बाजारात जाण्यापूर्वी एकदा घरातली जुनी पेटी उघडा. आजीने शिवलेली वाकळ, वडिलांच्या लग्नात अंथरलेली सतरंजी, एखादी घोंगडी त्यात असेल. दोन भांड्यांसाठी ती बोहारणीला देऊन टाकू नका. ती कोणी केली, कधी केली, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि कापडाच्या तुकड्यावर नाव व साल लिहून मागच्या बाजूला टाका घालून ठेवा. राजवाड्यातल्या गालिच्यावर विणणाऱ्याचे नाव नाही. आपल्या घरातल्या वाकळीवर ते असायला काय हरकत आहे?