थर्मंडचे काळे चौकोन

चार्ल्स्टनच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात तो नकाशा गुंडाळी होऊन पडला होता. भाच्याने घेऊन दिला. वेस्ट व्हर्जिनियातल्या न्यू रिव्हरच्या दरीचा. एका इंचाला जवळजवळ एक मैल. पाणी निळे, डोंगर तपकिरी, माणसाने केले ते सारे काळे. मी मराठीचा मास्तर. समोच्चरेषांशी माझा संबंध शाळेतल्या भूगोलापुरता. पण नदीकाठी त्या रेषा अशा दाटल्या होत्या, की तिथे उभे राहायलाही जागा नसावी हे मलादेखील कळले. त्या दाटीत रुळांची काळी रेघ आणि तिच्या कडेला चिमुकले काळे चौकोन, म्हणजे थर्मंड गाव. (नदीचे नाव 'नवी', आणि भूशास्त्रज्ञ तिला अतिप्राचीन नद्यांत धरतात. बारसे करणारे सगळीकडे सारखेच!)

दुसऱ्या दिवशी नकाशा मांडीवर घेऊन निघालो. अरुंद रस्त्याने दरीत उतरलो. पूल रेल्वेचाच, मोटारीला बाजूने एक पट्टी. पलीकडे गाव. त्याला हमरस्ता असा नाहीच. दुकाने, बँक यांची दारे थेट रुळांकडे. १८७३ साली चेसापीक अँड ओहायो रेल्वे या दरीतून गेली आणि आसपासच्या खाणींचा कोळसा इथे गोळा होऊ लागला. वाफेच्या इंजिनाला कोळसा हवा, पाणी हवे. ते इथे मिळे. पुढे डिझेल आले, आणि थांबायचे कारणच उरले नाही. २०२० च्या शिरगणतीत गावात माणसे भरली पाच!

मी चौकोन मोजीत हिंडलो. पुष्कळसे झाडीत जमा झालेले. कोळसा भरण्याचा मनोरा मात्र अजून उभा.

घरी परतल्यावर नकाशा अण्णांपुढे पसरला. अण्णा दौंडच्या शेडमध्ये वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. वाफ गेली, त्यांना दुसरे काम मिळाले. त्यानंतर इंजिनाचा विषय त्यांनी घरात काढलेला मला आठवत नाही.

"शेड कुठली यातली?"

"चौकोनांवर नावे नाहीत, अण्णा. जळाली ती."

भिंग घेऊन ते वाकले. बोट रुळांवरून सरकत डोंगरातल्या एका निळ्या ओढ्यापाशी थांबले.

"पाणी इथून घेत असतील. नदीचे गढूळ, बॉयलरात गाळ बसतो. आमच्याकडे एकदा काय झाले—"

रात्री साडेअकरापर्यंत मी जागचा उठलो नाही.