तंजावरची भिंत वाचताना

2022 साली नाताळ रविवारी आला. चेन्नईला भावाकडे आलोच होतो, तेव्हा तो शनिवार-रविवार तंजावरला घालवायचा असं मी आणि बाबांनी ठरवलं. बाबा पंच्याहत्तरीचे. शुक्रवारी रात्री एग्मोरहून उळवन एक्स्प्रेस पकडली आणि उजाडायच्या सुमाराला तंजावरला उतरलो.

लॉजकडे जाताना दारोदारी बायका वाकून कोलम काढत होत्या. सडा घातलेलं अंगण, त्यावर पिठाच्या शुभ्र रेषा आणि मधोमध शेणाच्या गोळ्यात खोवलेलं भोपळ्याचं पिवळं फूल. तमिळ पंचांगातला मार्गळी महिना चालू होता. बाबा म्हणाले, "आपला मार्गशीर्ष कालच्या अमावास्येला संपला. यांचा महिना सूर्यावर चालतो, तो अजून निम्माही झाला नाही." नव्या गावातली पहिली ओळख अशी पंचांगातून झाली.

नाश्ता करून बृहदीश्वराच्या देवळात गेलो. सुट्ट्यांमुळे गर्दी होती, त्यात शबरीमलाचं व्रत घेतलेले काळ्या वस्त्रांतले भक्त. चोळ राजा राजराज पहिला याने बांधलेलं हे देऊळ 1010 साली पूर्ण झालं. गर्भगृहावरचं विमान 216 फूट उंच आहे. त्याच्या पायथ्याशी उभं राहून वर पाहताना मान दुखते, पण डोळे खाली येत नाहीत. दर्शन घेऊन बाहेर आलो. बहुतेक लोक इथूनच परत फिरतात. आम्ही मात्र ज्याच्यासाठी आलो होतो ते मागे, नैर्ऋत्य कोपऱ्यात होतं.

तिथे प्राकाराच्या भिंतीवर मराठी कोरलेलं आहे. देवनागरी अक्षरं, एकीला एक लागून, ओळीखाली ओळ, भिंतीमागून भिंत. सरफोजी राजे दुसरे यांच्या आज्ञेवरून त्यांचे चिटणीस बाबूराव यांनी लिहिलेला हा भोसल्यांच्या वंशाचा इतिहास. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे सतराव्या शतकात इथे आले आणि 1855 पर्यंत हे राज्य त्यांच्या घराण्याकडे राहिलं. सर्वांत मोठा मराठी शिलालेख म्हणून ही भिंत ओळखली जाते. शाळेत असताना मी हे एका ओळीत पाठ केलं होतं. त्या ओळीमागे एवढा दगड आहे, हे तिथे उभं राहिल्यावर कळलं.

बाबा चष्मा सावरून अक्षर अक्षर लावत मोठ्याने वाचू लागले. कुठे शब्द लागे, कुठे अडे. एवढ्यात वेष्टी नेसलेले एक वयस्क गृहस्थ जवळ येऊन थांबले. बराच वेळ ऐकून त्यांनी विचारलं, "कोठून आलात?"

मराठीत! हेल पूर्ण तमिळ होता, पण शब्द आपले. बाबांचा आवाजच भरून आला. "पुण्याहून. आणि आपण?" ते म्हणाले, "आम्ही इथलेच. कित्येक पिढ्या." त्यांच्या घरात आजही मराठी बोलतात, पण शिक्षण सगळं तमिळमधून झालं, त्यामुळे देवनागरी वाचता येत नाही. लहानपणापासून ते या भिंतीजवळून जात होते. भाषा त्यांची, पण अक्षर परकं.

मग बाबा वाचत राहिले आणि ते ऐकत राहिले. जिथे आम्ही अडलो तिथला एखादा जुना शब्द त्यांनी सहज सांगितला, कारण त्यांच्या घरी तो अजून बोलण्यात होता. लेखाची मिती मार्गशीर्ष वद्य अमावास्या, शके 1725, म्हणजे 13 डिसेंबर 1803. बाबांनी बोटांवर हिशेब केला. "तिथीने काल बरोबर 219 वर्षं झाली." त्या गृहस्थांनी भिंतीकडे बघून हात जोडले. दोन तास कसे गेले समजलं नाही.

रविवारी सकाळी शिवगंगा तळ्याजवळचं जुनं चर्च पाहिलं. ख्रिश्चन फ्रीडरिश श्वार्ट्झ या मिशनऱ्याने ते 1779 मध्ये उभारलं. पोरसवदा सरफोजींना त्याने सांभाळलं, शिकवलं. 1798 मध्ये तो वारला आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले. राजांनी लंडनच्या जॉन फ्लॅक्समनकडून संगमरवरी शिल्प करवून घेतलं. मरणशय्येवरचा गुरू आणि जवळ उभा शिष्य. भिन्न धर्माच्या गुरूचं ऋण राजाने असं फेडलं, हे नाताळच्या दिवशी कळावं याचं मला फार मोल वाटतं.

तिथून राजवाड्यातल्या सरस्वती महालात गेलो. सरफोजींनी वाढवलेल्या या ग्रंथालयात ताडपत्रं आहेत, संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी हस्तलिखितं आहेत, मोडी कागदपत्रांचे ढीग आहेत. संग्रहालयाच्या काचेआडचं मोडी पान पाहताना माझी गत कालच्या त्या गृहस्थांसारखी झाली. भाषा माझी, पण एक अक्षर लागेना. माझ्या पणजोबांचे व्यवहार याच लिपीत चालत. लिपी सुटली की आपल्याच घराचं दार आपल्याला बंद होतं, हे मला त्या काचेपाशी कळलं. पुण्याला परतल्यावर महिन्याभरात मी मोडीच्या वर्गाला नाव घातलं.

सुट्टीत तंजावरला जाल तर एवढं करा. देवळाचं दर्शन झालं की लगेच बाहेर पडू नका. नैर्ऋत्येच्या त्या ओवरीत निदान दोन तास ठेवा. दगडाला हात न लावता वाचा, आणि मोठ्याने वाचा. शेजारी ऐकणारं कुणीतरी असेल.