आवाज आहे, माणूस नाही

रॉक म्हणजे खडक, ही माझी समजूत बरीच वर्षं पक्की होती. आम्हा नगरकरांना खडकाची सवयच आहे. विहीर खणायला घेतली की पाण्याआधी तोच लागतो. (आता गावाचं नाव अहिल्यानगर झालंय, खडक तोच आहे.) पण परवा नातवानं मला खुर्चीत बसवून 'द हू' नावाच्या इंग्रज मंडळींवरचा १९७९ सालचा माहितीपट दाखवला. नाव 'द किड्स आर ऑलराइट'. म्हणजे पोरं ठीक आहेत. चांगली गिटार जमिनीवर आपटून तिचं सरपण करणारी पोरं ठीक कशी, हे मला कळेना.

"आजोबा, पुढच्या गाण्यात आपलं नगर आहे," नातू म्हणाला.

गाणं होतं १९७१ सालचं 'बाबा ओ'रायली'. त्यातले 'बाबा' म्हणजे आपले मेहेरबाबा! गिटार आपटणारे गृहस्थ, पीट टाउनशेंड, त्यांचे भक्त. 'ओ'रायली' आलं अमेरिकन संगीतकार टेरी रायली यांच्यावरून. अरणगावजवळचं मेहेराबाद म्हणजे आमच्या घरापासून सायकलचं अंतर. मी चष्मा पुसला, छाती फुगवली आणि नगर शोधू लागलो. गाणं सुरू झालं, संपलं. स्टेज दिसलं, घाम दिसला. टेकडी काही दिसली नाही.

"नाव आमचं आणि गाव गायब?" मी म्हणालो.

"आजोबा, हे काहीच नाही," नातू म्हणाला. "माँटेरेच्या जलशावर १९६८ साली माहितीपट आला, त्याचा शेवटच पंडित रविशंकरांच्या सतारीवर. दोन वर्षांनी 'वुडस्टॉक' आला. तिथंही पंडितजी पावसात वाजवून आले होते. पण तीन तासांच्या त्या सिनेमात ते नाहीत."

म्हणजे पंगतीला बसवलं आणि फोटोतून उठवलं!

"आणि त्याच १९६९ च्या उन्हाळ्यात," तो पुढे सांगू लागला, "न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात कृष्णवर्णीय कलावंतांचा उत्सव झाला. सहा रविवारी. सगळ्याचं चित्रीकरण झालं होतं. त्यातलं बहुतेक जवळजवळ पन्नास वर्षं तळघरात पडून राहिलं. २०२१ मध्ये 'समर ऑफ सोल' निघाला, तेव्हा कुठं जगानं तो पाहिला. पुढच्या वर्षी ऑस्करही मिळालं."

मी कमालीचा संतापलो. माझा संताप सहसा पोस्टकार्डावर मावतो. या वेळी मी फूलस्केप कागद काढला. 'महोदय, आपल्या माहितीपटात आमचे नगर दिसत नाही...' एवढं लिहिलं आणि पुढच्या वाक्यासाठी पेन चावत बसलो.

"तुम्हीपण एक माहितीपट काढला होतात ना?" नातवानं विचारलं.

काढला होता तर! १९८८ साली वर्गणीतून भाड्यानं कॅमेरा आणून आमच्या गल्लीच्या गणपतीची विसर्जन मिरवणूक मी जातीनं टिपली होती. मुलानं मागेच ती कॅसेट मोबाइलवर उतरवून ठेवलीय. नातवानं ती लावली. मंडळाचे अध्यक्ष अकरा वेळा आले. सरबताचा बर्फ देणारे शेठजी सात वेळा. आमच्या हिची पाठ एकदा. आणि पंचेचाळीस मिनिटं एकसारखी, कान तृप्त करणारी हलगी.

"आजोबा, हलगी वाजवतंय कोण?"

मी पुन्हा चष्मा पुसला. हलगी होती, वाजवणारा कुठंच नव्हता. एका ठिकाणी टिपरू धरलेला हात येतो आणि लगेच माझाच आवाज ऐकू येतो : "ओ, बाजूला व्हा जरा! मध्ये येताय."

तिघे जण होते. गावाबाहेरून चालत आले होते. कागदाचा जाळ करून हलगी तापवायचे आणि पहाटेपर्यंत वाजवायचे. त्यांच्यामुळं तर आमचे अध्यक्ष नाचले! सरबत त्यांना मिळालं, पण सगळ्यांचं झाल्यावर, आणि वेगळ्या पेल्यातून. ते टिपायला माझा कॅमेरा तिकडे वळला नव्हता.

"नावं काय त्यांची?" नातवानं विचारलं.

अध्यक्षांचं नाव मला त्यांच्या वडलांसकट पाठ आहे. यांचं मी कधी विचारलंच नव्हतं.

फूलस्केप कागद अजून टेबलावर आहे. 'महोदय' पासून 'दिसत नाही' पर्यंतचा मजकूर चांगला उतरलाय. फक्त पाकिटावर पत्ता कुणाचा घालायचा, ते ठरत नाही.